टॅनर्स बेंडचं हरवलेलं विरजण

मोटारीवर चढवलेला रंग पूर्वी वाळायला आठवडे घ्यायचा. आता सकाळी फवारा मारला की दुपारी गाडी रस्त्यावर.

*

व्हर्लिन प्रुइट जेवायला बसला, डब्यातल्या पुडिंगचा घास तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. पुडिंग गार होतं.

*

ब्रेमेनच्या धक्क्यावरून अमेरिकेच्या जहाजात चढलेल्या एका तरुणाच्या खिशात लाकडी चमचा होता. दुसरं काही म्हणजे काही नव्हतं. भरतीचे शिपाई दाराशी आले तेव्हा तो जेवत होता, आणि मागच्या दाराने तसाच पळाला होता.

*

रोझमेरीची काडी. कापराचा वास. घडी केलेला पांढरा सदरा.

*

"हात धुतलेस?"

*

वॉबॅश नदीच्या वळणावरच्या त्या गावाला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास होता. लग्न होऊन आलेल्या नव्या सुना पहिला आठवडा नाकाला रुमाल लावून काढायच्या, मग विसरून जायच्या. त्या नोव्हेंबरात, मका घरात येऊन पडलेला, थँक्सगिव्हिंग तोंडावर आलेलं, आणि गावाचा वास बदलला.


नासलेलं लोणी

कारखान्याचा मालक कौंटीच्या आरोग्य खात्याच्या दोन खोल्यांत स्वतः चालत आला, हे पाहूनच झेला मोब्रेला कळलं की काहीतरी मोठं बिघडलंय. रॅन्सम टीग हॅट हातात धरून दारात उभा होता.

"मिस मोब्रे, तुम्ही विहिरींची दुखणी बघता. आमचं एक बघाल?"

"तुमचं दुखणं नाकानेच कळलंय, मिस्टर टीग. कधीची खिडक्या लावून बसलेय. एवढं लोणी कुठे नासवलंत?"

तो हसला नाही. "टाक्या आंबट पडल्या. सगळ्या. म्हटलं जुनं फेकून देऊ, मूळ विरजण काढू, नव्याने लावू. आज कपाट उघडलं." तो थांबला. "पेटी आहे. आत काही नाही."

झेलाने हातातली शाळेच्या विहिरीच्या पाण्याची बाटली खाली ठेवली.

ते विरजण म्हणजे काय, हे या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम हे लांबलचक नाव फक्त पाहुण्यांसमोर घ्यायचं. एरवी सगळे 'पोरं' म्हणायचे. डोळ्यांना न दिसणारी ही पोरं मक्याची पेज खातात आणि मोटारीचा रंग चटकन वाळवणारा द्रव करून देतात. त्यांचं हवेशी हाडवैर. हवा लागली की मरतात, नाहीतर शहाणी असतील तर स्वतःभोवती कवच बांधून झोपी जातात. अशी झोपलेली पोरं कोरड्या मातीत मिसळायची, काचेच्या नळीत भरायची, तोंड लाल लाखेने बंद करायचं. वर्षानुवर्षं हलत नाहीत. लागतील तेव्हा चिमूटभर माती पेजेत टाकायची आणि नळी मिनिटभर उकळत्या पाण्यात धरायची. ऐरेगैरे जीव उकडून मरतात; कवचातली पोरं मात्र गरम पाण्याने तोंड धुऊन उठावं तशी उठतात.

टॅनर्स बेंडची पोरं मातेय हुडाक यांनी शोधली होती. इथल्याच मक्याच्या शेतांतली माती बशीत घेऊन, चिमटी चिमटीने तपासत, दोन हिवाळे. आणि झेलाला ही विद्या त्यांनीच शिकवली होती. कॉलेजातून नवी आलेली, स्वतःला फार हुशार समजणारी झेला पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत शिरली, तेव्हा त्या स्लोव्हाक माणसाने नावही न विचारता विचारलं होतं, "हात धुतलेस?" नंतर, ती आरोग्य खात्यात जाईपर्यंत, आठ वर्षं रोज विचारलं. सप्टेंबरात एका रविवारी चर्चच्या बाकावर बसल्या बसल्या ते गेले.

"पूर्वेकडे हाच धंदा करणारी ती कंपनी आहे ना, तिच्याकडे मागा की विरजण," झेला म्हणाली.

"ती कशाला देईल? तिला तर आपण बंदच पडायला हवे आहोत. त्यांचा माणूस, तो फॉकनर, हॉटेलात येऊन बसलाय. सोमवारी कागद घेऊन येणार. कारखाना विकत घेतील आणि कुलूप लावतील." टीगने हॅट बोटांवर फिरवली. "या मंदीच्या दिवसांत, मिस मोब्रे. बाहेर कुठे काम आहे का माणसांना? सोमवारपर्यंत विरजण सापडलं नाही, तर मला सही केल्याशिवाय गत्यंतर नाही."


पेटी

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. त्याच्या चाव्या चार. टीगची एक, रसायनतज्ज्ञ ॲल्डन क्रूची एक, मुकादम व्हर्लिन प्रुइटची एक. चौथी मातेय हुडाक यांची. ती त्यांच्या बायकोने दफनानंतर आणून दिली होती.

पेटी ओकच्या लाकडाची, पावासारखी लांबट. आत बनातीत नळ्यांसाठी गोल खळगे.

"चोर फारच सभ्य दिसतो," झेला म्हणाली.

"म्हणजे?"

"पेटी उचलून काखेत मारायची सोडून एकेक नळी काढत बसला. आणि हे बघा."

खळग्यांच्या तळाशी लाल थेंब होते. नळ्या उभ्या होत्या तशाच असताना तोंडावरची लाख ओघळून खाली साचली होती. एका खळग्यात तर बनातीला चिकटलेली नळी कुणीतरी पातळ पात्याने हळूच सोडवली होती. बनात फाटू दिली नव्हती.

झेलाने कपाटाच्या आत हात घातला. लाकूड गार, मागची भिंत गार. गार कपाटात लाख वितळते कशी?


उत्तरं (प्रश्न गाळले आहेत)

ॲल्डन क्रू, रसायनतज्ज्ञ, पांढरा कोट, ताजी दाढी:

"हो, मिस्टर हुडाक गेल्यापासून विरजण माझ्याकडेच आहे. — नियमाप्रमाणे, दर पंधरवड्याला नवी नळी. — अर्थात उकळत्या पाण्यात धरून. मी काय शाळकरी आहे? — गेल्या पंधरवड्यात शेवटची. तेव्हा पेटीत होत्या की नळ्या. चोरी त्यानंतरची. — माझा कुणावर संशय नाही. पण तुम्ही विचारताच आहात म्हणून सांगतो, उन्हाळ्यात फॉकनरची गाडी हुडाक यांच्या दारात उभी होती. मी नाही पाहिली. लोक म्हणतात."

नॉर्बर्ट फॉकनर, पूर्वेच्या कंपनीचा माणूस, हॉटेलच्या व्हरांड्यात:

"बसा ना. — गेलो होतो, लपवायचंय कशाला? म्हटलं आमच्याकडे या, मोठी प्रयोगशाळा देतो. म्हाताऱ्याने खसखशीची पोळी खाऊ घातली, आपण चमचा घेऊन पळून आलो त्याची गोष्ट सांगितली, ती बरीच लांब होती, आणि मग दार दाखवलं. — चोरायचं कशाला, बाई? तुमची पोरं आपोआप मरतायत, मी नुसता थांबलो तरी पुरे."

व्हर्लिन प्रुइट, मुकादम, झेलाच्या शाळेतल्या वर्गातला:

"ए झेले, माझ्यावर संशय घेतेस? तुझी शाई मी चोरायचो, ते वेगळं. — हो, उन्हाळ्यात टीगला म्हणालो होतो कारखाना जाळून टाकीन म्हणून. माझ्या भावाला काढलं, मग काय हार घालू? परत घेतलं ना त्याला, विषय संपला. — चावी कमरेला असते. पण कपाट मी जन्मात उघडलेलं नाही. — दुःख? आहे की. टाक्या बंद, वाफ बंद, आणि माझ्या बायकोचं पर्सिमनच्या फळांचं पुडिंग गार. एप्रिलपासून रोज गरम खात होतो. बॉयलरच्या बोळात एक कोनाडा आहे, माझी गुप्त जागा. कुणाला सांगू नकोस."

झुझाना हुडाक, विधवा. सगळं गाव तिला तेता म्हणतं, तिच्या भाषेत मावशी:

"आलीस? हात धुतलेस? मग बस, खा. — काय सांगू तुला. शनिवारी दुपारी धडधाकट घरी आला. मी कोंबड्यांत होते. रविवारी असा गेला. — नाही गं, मला धावपळ नाही करावी लागली. त्या ट्रंकेत शेवटच्या दिवसासाठी सगळं त्याने आपल्या हाताने ठेवलेलं. सदरा, कोट, गावची माती, माझ्यासाठी रुमालसुद्धा. रोझमेरी तेवढी मी ठेवली. — शत्रू? त्याला? तो कोंबडीलाही 'माफ कर' म्हणून अंडं उचलायचा. — ही पोळी घेऊन जा. त्याच्याच डब्यात देते. झाकणाला आत लाल डाग आहे, ती घाण नाही हं. राखेने घासून घासून हात दुखले, निघत नाही."


खोटं कुठे आहे

झेला टाकीच्या काठावर उभी राहून वास घेत होती. शेजारी टीग, आणि टीगने बोलावलेला क्रू.

"डॉक्टर क्रू, दूध एका रात्रीत नासतं. ही पोरं एका रात्रीत नासत नाहीत. हुडाक आम्हाला सांगायचे, आजच्या टाकीतलं उद्याच्या टाकीत, उद्याचं परवाच्या, असं झोपू न देता फिरवत राहिलात तर पोरं आळशी होतात. पेज खातात, आंबट करतात आणि पुढचं काम सोडून देतात. एक आठवडा कळत नाही. महिना कळत नाही. मग एक दिवस गावभर नासलेल्या लोण्याचा वास."

क्रूने कोटाचं बटण लावलं, काढलं.

"दर पंधरवड्याला ताज्या नळीतून सुरुवात झाली असती तर हे झालं नसतं. तुम्ही नळी उघडलेलीच नाही. गेल्या पंधरवड्यातही नाही, त्याआधीही नाही. सप्टेंबरपासून."

टीग क्रूकडे वळला. क्रू एवढा गोरा होता की लाल झालेला लगेच दिसला.

"दफनाच्या दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम विद्यार्थ्यासारखा झाला. "पेटी रिकामी होती. माझ्याकडे चार्ज येऊन एक दिवस झाला होता, मिस्टर टीग. कोण विश्वास ठेवणार होतं? म्हटलं चालू टाकीतून चालवत राहू, तोवर सापडेल कुठेतरी. रोज शोधत होतो. देवाशपथ, रोज."

"आणि हुडाक यांच्या दारातली गाडी?" झेलाने विचारलं. "ती लोकांनी पाहिली की तुम्हीच लोकांना सांगितलीत?"

क्रूने कोटाचं बटण पुन्हा काढलं. पण टीगचं तिकडे लक्षच नव्हतं. तो टाकीच्या कठड्याला धरून हळूहळू हिशेब जुळवत होता.

"दफनाच्या दुसऱ्या दिवशी रिकामी," तो म्हणाला. "म्हणजे नेली ती त्याआधी. त्याआधी चौथी चावी होती मातेयकडे. कुलूप फोडलेलं नाही. नळ्या ओळखणारा, हळूच काढणारा माणूस." त्याने झेलाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "त्याने विकलं, मिस मोब्रे. मरायच्या आधी त्याने आपल्याला विकलं."

"नाही."

"मग कुठे आहे?"



"हे गावाला सांगावं लागेल मला," टीग म्हणाला. "सोमवारी कारखाना बंद झाला तर लोक विचारतील, कुणामुळे. दुसऱ्या कुणाच्या माथी मारू?"


गार पुडिंग

एखाद्याने शिकवलेलं आपल्या हातात इतकं मुरतं की ते कुणाचं होतं हे आपण विसरतो. झेला कौंटीतल्या विहिरी तपासायची, घटसर्प झालेल्या मुलांचे घसे तपासायची, आणि प्रत्येक वेळी आधी हात धुवायची. किती मुलं त्या एका सवयीने वाचली असतील, याचा तिने कधी विचार केला नव्हता. आज, शनिवारी सकाळी, कारखान्याच्या फाटकापाशी दगडावर बसून ती तो विचार करत होती, आणि तिला त्या म्हाताऱ्याचे आभार मानायचे राहून गेले होते. आभार सोडाच, त्याचं नाव उद्या-परवा चोर म्हणून घेतलं जाणार होतं.

शेजारी व्हर्लिन येऊन बसला आणि डबा उघडला.

"घे. गार आहे."

"तुझ्या पुडिंगचं रडगाणं पुरे रे."

"तुला काय कळणार? एप्रिलपासून सवय झाली. नवा वाफेचा पाइप टाकला ना बोळात, त्याच्यामागच्या भिंतीत कोनाडा आहे. डबा ठेवला की जेवणाच्या सुटीत चटका बसेल असा."

झेलाचा चमचा हवेतच राहिला.

"व्हर्लिन, ऊठ."

"आता काय?"

"तुझ्या कोनाड्यापाशी जा आणि भिंतीवर चमच्याने वाजव. वाजवत राहा."

ती धावत प्रयोगशाळेत गेली, टीगच्या हातातून चावी जवळजवळ हिसकावून घेतली आणि कपाट उघडून आत डोकं घातलं. भिंतीतून आवाज आला. टक. टक टक. बरोबर पेटीच्या मागे.

"वाफ चालू असताना," ती डोकं बाहेर काढत म्हणाली, "हे कपाट चुलीसारखं तापत होतं, मिस्टर टीग. आज गार आहे, कारण टाक्या बंद आहेत. लाख वितळली ती त्या वाफेने. लाख सुटली की नळीत दमट हवा शिरणार, पोरं अर्धवट जागी होणार आणि मरणार. हे या कारखान्यात एकाच माणसाच्या लक्षात आलं. पाइप कुणी टाकला?"

"मी," टीग म्हणाला. "मी सांगून टाकून घेतला."

"भिंतीपलीकडे काय आहे ते विचारलंत?"

टीगने मान खाली घातली.

"त्यांनी विकलं नाही. त्यांनी पोरांना उन्हातून सावलीत नेलं. शनिवारी दुपारी, कारखाना सुटताना. पेटी डब्यात मावेना, म्हणून एकेक नळी काढून जेवणाच्या डब्यात घातली. त्या डब्याच्या झाकणाला लाल डाग आहे. काल मी त्यातूनच पोळी खाल्ली. सोमवारी तुम्हाला सांगणार असतील. मध्ये रविवार आला."

"मग नळ्या घरी आहेत!"

"घरी थंड आणि कोरडी जागा एकच, कापूर घातलेली ट्रंक. आणि तेता झुझानाने ती ट्रंक उघडली, त्यांना शेवटचे कपडे घालायला. आत सदरा, कोट..."

तिचं वाक्य तिथेच तुटलं.

ज्या माणसाच्या खिशात फक्त चमचा होता, त्याच्या ट्रंकेत गावची माती आली कुठून?


तेता

झुझाना अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. झेलाच्या मागे टीग होता, त्याच्यामागे कुणी न बोलावता क्रू. तिने तिघांकडे पाहिलं.

"कोण मेलं?"

"कोणी नाही, तेता."

"मग आत या. हात धुवा. तूसुद्धा, मालक."

तिघांनी ओळीने पंपाखाली हात धुतले. स्वयंपाकघरात बसल्यावर झेलाला सुरुवात कशी करावी कळेना. त्या डोंगराळ मुलखातून आलेल्यांची रीत तिला लहानपणापासून माहीत होती. निघताना गावच्या वेशीवरची मूठभर माती फडक्यात बांधायची, समुद्रापार जपायची आणि परक्या जमिनीत पुरलं जाताना आपल्यावर टाकायला सांगायचं. त्या गल्लीतल्या प्रत्येक घरात अशी पुरचुंडी होती. हुडाक यांच्या घरात नव्हती, आणि नवराबायको दोघांनाही ते सलत होतं. झुझानाचं माहेर तर नदीच्या पुरात गेलेलं, माती मागायला मागे कुणी उरलं नव्हतं.

"तेता, ट्रंकेतली माती. तुम्हाला कशी कळली की ती गावची?"

"कशी म्हणजे? सदऱ्यावर ठेवलेली. काचेत, वर लाख लावून. एवढी जपून माणूस दुसरी कुठली माती ठेवतो? मी तर बसून रडले. म्हटलं लबाडा, तीस वर्षं चमच्याची गोष्ट सांगितलीस आणि माती लपवून ठेवलीस. मला शेवटी चकित करायला." तिने पदराची कड चुरगळावी तसा ॲप्रन चुरगळला. "लाख फोडली आणि त्याच्यावर टाकली. फादरने पण डोळे पुसले."

टीगने डोळे मिटले. क्रूने हातांत डोकं धरलं.

"सगळी?" झेलाने विचारलं.

झुझानाने टेबलावरचे पिठाचे कण हाताने गोळा केले.

"सगळी टाकलीत, तेता?"

"तुला काय करायचंय?"

"सांगा ना."

"अर्धी," झुझाना पुटपुटली. "अर्धी मला नको का? मी काय उघडीच जाऊ?"

क्रू ताडकन उठला. झेलाने त्याला हाताने खाली बसवलं. आता खरं सांगायचं होतं, आणि ते सांगणं म्हणजे या बाईच्या नवऱ्याच्या अंगावरची माती तिच्या डोळ्यांदेखत काढून घेणं. न सांगताही चिमूटभर मागता आली असती. काहीतरी बनवून सांगता आलं असतं. पण त्या माणसाच्या घरात, त्याच्या डब्यासमोर बसून खोटं बोलणं झेलाला जमेना.

तिने सांगितलं. पाइप, लाख, डबा, ट्रंक. ती माती गावची नव्हती. इथल्याच मक्याच्या शेतातली होती आणि तिच्यात पोरं झोपली होती.

झुझानाने आपले दोन्ही हात उलटून पाहिले.

"म्हणजे मी माझ्या नवऱ्याला," ती म्हणाली, "मोटारीच्या रंगाच्या मातीत पुरलं?"

कुणाला हसण्याची हिंमत झाली नाही. मग तिचंच तोंड थरथरलं, आणि ते हसू आहे की रडू हे तिलाही कळलं नसावं.

"मला खटकलं होतं गं. आमच्या गावची माती तांबूस. ही काळी. पण म्हटलं, तीस वर्षं बाटलीत राहिली की मातीसुद्धा म्हातारी होत असेल." तिने नाक पुसलं. "गाढव मेला. एक शब्द बोलला असता तर? मी कोंबड्यांतच तर होते, काय चंद्रावर होते?"

"तेता, मला माफ करा."

"तू कशाला माफी मागतेस?" ती उठली. फळीवरून खसखशीचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. "त्या गावाने त्याला काय दिलं? भरतीचे शिपाई. एक चमचा दिला, तोही पळताना हातात राहिलेला. आणि या काळ्या मातीने? हे घर दिलं. तीन पोरांची शाळा दिली. रोज संध्याकाळी केळ्याचा वास मारणारा नवरा दिला, पण धडधाकट परत दिला. खाणीत गेलेले किती परत आले विचार या गल्लीत." तिने डबा झेलाकडे सरकवला. "मग त्याच्यावर कुठली टाकायची होती? बरोबरच टाकली मी. घेऊन जा."

"चिमूटभर पुरेल."

"चिमूटभर घे, मूठभर घे. पण थोडी ठेव. माझ्यासाठी."

टीग उभा राहिला. वाकून त्याने त्या म्हातारीचा हात दोन्ही हातांत धरला आणि धरूनच ठेवला.

"सोड, मालक," ती म्हणाली. "पोळी करपेल."


केळी

दुपारी प्रयोगशाळेत पेज रटरटत होती. झेलाने नळ्यांत पेज ओतली, डब्यातली माती चिमटीने टाकली. क्रू दारात घुटमळत होता.

"मी जाऊ का? मिस्टर टीगनी सांगितलंय, सोमवारी राजीनामा द्या."

झेलाने त्याच्याकडे पाहिलं. अंगात कोट नव्हता, डोळ्यांखाली काळं. दोन महिने एकट्याने ही भीती वाहणं सोपं नसणार. खोटं बोलला होता, मेलेल्या माणसावर बोट दाखवलं होतं. पण तिलाही एके काळी कुणीतरी, स्वतःला फार शहाणी समजत असूनही, दारातून परत पाठवलं नव्हतं.

"हात धुतलेत?" तिने विचारलं.

"अं?"

"हात धुवा आणि या नळ्या उकळत्या पाण्यात धरा. मिनिटभर. मिस्टर टीगशी मी बोलते. आधी झुझाना हुडाककडे जाऊन गाडीची गोष्ट आपल्या तोंडाने सांगायची, मात्र."

"ती मला मारेल."

"खाऊही घालेल. आधी काय, ते सांगता येत नाही."

रविवारी चर्च सुटल्यावर व्हर्लिनने नळ्या पाहिल्या आणि ओरडून सगळ्यांना बोलावलं. पेजेचा थर नळीत टोपीसारखा वर चढला होता, खालून बुडबुडे धावत होते. झेलाने बूच काढून नळी नाकाशी धरली आणि टीगकडे दिली. टीगने वास घेतला. त्याने ती व्हर्लिनला दिली, व्हर्लिनने क्रूला. प्रसादाची वाटी फिरावी तशी ती खोलीभर फिरली.

पिकून काळं पडलेलं केळं.

सोमवारी फॉकनर कागद घेऊन आला. त्याला फाटकापाशीच वास आला असावा, कारण त्याने बॅग उघडलीच नाही. "म्हाताऱ्याकडे पुन्हा एकदा जेवायला हवं होतं," एवढंच म्हणाला, आणि हॅट काढून गेला.

त्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, टीगच्या टेबलावर टर्की होती, आणि टेबलाच्या मानाच्या टोकाला, जिथे तो स्वतः बसायचा, तिथे त्याने झुझानाला बसवलं. व्हर्लिनच्या बायकोचं पुडिंग होतं. वाफ पुन्हा सुरू झाली होती, पण पाइप आता दुसऱ्या भिंतीने गेला होता आणि व्हर्लिन नवा कोनाडा शोधत होता. प्रत्येकाने आळीपाळीने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं, अशी त्या घरची रीत. क्रू पोरांबद्दल आभारी होता. टीग एका म्हाताऱ्याबद्दल. झुझाना म्हणाली की ती कोंबड्यांबद्दल आभारी आहे, बाकीचं देवाला माहीत आहे.

झेलाची पाळी आली. खिडकीतून गावाचा वास येत होता, कुणी खिडकी लावायला उठलं नाही.

"त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता," ती म्हणाली. "त्याबद्दल."

परतताना तिने तेताला घरी सोडलं. खसखशीचा डबा पुन्हा फळीवर होता, झाकणाला आता लाल लाख लावलेली. लाख क्रूने लावली होती, आणि ती जरा जास्तच झाली होती.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी घरी आल्यावर, ट्रंक उघडण्याआधी, मातेय हुडाक यांनी पंपावर हात धुतले होते.